गोळ्या गिळणाऱ्या बाईची साक्ष

मला क्षयरोग झाला होता. टीबी. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण आमच्या घरात आणि आमच्या चर्चमध्ये हा एक शब्द सोडून बाकी सगळे शब्द वापरून झाले. 'छातीत जरा कफ', 'अशक्तपणा', 'देवानं घेतलेली परीक्षा', 'सैतानाचा हल्ला'. सैतानाचं नाव माईकवरून घेता येत होतं, टीबीचं स्वयंपाकघरातसुद्धा नाही.

मी तंजावूरची. माहेर जवळच्या तिरुवैयारुचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेलं मराठी, हिंदू. सासर तमिळ ख्रिस्ती. नवरा जेबराज लष्करात होता, म्हणून नऊ वर्षं पुण्यात काढली आणि तिथल्या मराठी चर्चमध्ये म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसून, पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, ओळींवर बोट फिरवत मी देवनागरी वाचायला शिकले. माझ्या माहेरच्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मला दोन्ही येतं, त्यामुळे हे लिहायचं काम माझ्यावर आलं. आता मी तंजावूरला एका हायस्कुलात गणित शिकवते. चर्चमध्ये मला सगळे 'सुलोचना टीचर' म्हणतात.

ज्यांच्या हातात नुकताच टीबीचा कागद पडला आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला निघालेल्यांसाठी तर जास्तच.

खडूवर आळ

आजार हत्तीच्या पावलानं येतो म्हणतात. माझा मुंगीच्या पावलानं आला. खोकला होता, पण गणिताच्या टीचरला खोकला असणारच, खडूची भुकटी किती वर्षं खाते आहे, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत होते. दोन महिने खडूवर आळ घेतला. ब्लाउज सैल झाले तेव्हा शिंप्यावर घेतला.

ओळखलं आईनं. ती तिरुवैयारुला माझ्या भावाकडे असते. एका रविवारी दुपारी मला पाठमोरी बघून म्हणाली, "अग्गो, तुझी पाठीची हाडं मोजाया येतात. आस्पत्रीला गेलीसा?"

"जाते गं आई. शाळेत परीक्षा आहेत."

"परीक्षा तुज आहे का पोरांस? उद्याच जा. मज फोन कर."

गेले. छोट्या डबीत थुंकी दिली, छातीचा फोटो काढला. तिसऱ्या दिवशी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. चांगल्या होत्या त्या. म्हणाल्या, "अम्मा, हा पूर्ण बरा होतो. फक्त सहा महिने एकही दिवस गोळ्या चुकवायच्या नाहीत. बरं वाटलं तरी नाही. बरं वाटलं की लोक सोडतात, तिथंच घात होतो."

जेबराज शेजारीच बसला होता. बाहेर आलो, त्यानं स्कूटर सुरू केली आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "कोणाला सांगायचं नाही." 'घाबरलीस का' नाही, 'मी आहे' नाही. जुन्या बसस्टँडपर्यंत मी मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पंचवीस वर्षांच्या संसारात इतका राग मला कधी आला नव्हता. बसस्टँडपाशी त्यानं गाडी थांबवली, शहाळं घेतलं, माझ्या हातात दिलं आणि वळून रडायला लागला. मग रागवायचीही सोय राहिली नाही.

पहिले दिवस

सकाळी सहाला, उपाशीपोटी, चार गोळ्या. मळमळ व्हायची. दुसऱ्या दिवशी लघवी केशरी लाल झाली आणि मी संडासातूनच ओरडले. मला वाटलं रक्त आहे, संपलं सगळं. नंतर कळलं, औषधाचा रंग तो, सगळ्यांनाच होतो. हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला कोणाचं काय जात होतं? म्हणून मी सांगते: लाल होईल, घाबरू नका.

जेबराजनं माझ्यासाठी नवीन ताट आणि पेला आणला आणि तळाशी नेलपॉलिशचा ठिपका लावला. ताटावाटे टीबी पसरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर सांगितलं होतं. मी ताट आपटलं. तो म्हणाला, "माहीत आहे गं. तरी भीती वाटते." खरं बोलला, म्हणून त्या दिवशी त्याच ताटात जेवले. आमची शेरोन बारावीत. तिची तपासणी झाली, ती ठणठणीत निघाली, तेव्हा मी देवाचे जे आभार मानले ते कोणत्याही उपासनेत मानले नसतील.

पंधरा दिवस नाकातोंडाला मास्क बांधून मी मागच्या खोलीत होते. नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही. हे त्यांनी मला सांगितलं. जगाला कोण सांगणार?

सुंडलची शिक्षा

गुपित शेरोननं फोडलं. तिला खोटं बोलता येत नाही, आणि एस्तर अक्कांपुढे तर कोणालाच येत नाही. एस्तर अक्का आमच्या चर्चमधल्या गुरुवारच्या उपवास-प्रार्थनेच्या प्रमुख. चार बायकांना घेऊन त्या आल्या. पदर नाकाला लावून अंगणात खुर्च्या मांडून बसल्या.

खरं ते सांगते. अक्का उठून माझ्याजवळ आल्या, पदर सोडला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. महिन्याभरात मला घराबाहेरच्या कोणी हात लावला नव्हता. मी हमसून हमसून रडले. तो हात मी विसरणार नाही.

पण प्रार्थना संपली आणि अक्का म्हणाल्या, "टीचर, कोणतं दार उघडं राहिलं ते आठवा."

"कोणतं दार अक्का?"

"आजार उगीच आत येत नाही. नवरात्रात आईकडे गेल्या होतात ना? त्यांच्या कोलूपुढचं सुंडल खाल्लंत?"

खाल्लं होतं. कोलू म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांची आरास, आणि सुंडल म्हणजे तिच्यापुढे वाटतात ती खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ. माझ्या ऐंशी वर्षांच्या आईनं माझ्या तळहातावर ठेवलेली मूठभर उसळ. म्हणजे ज्या देवाला चिमणी खाली पडली तरी कळतं, त्यानं मूठभर हरभऱ्यापायी माझं फुप्फुस पोखरलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं माझा आजार पहिल्यांदा ओळखला, त्या माउलीच्या डोक्यावर आजाराचं खापर!

जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं: पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? प्रभू म्हणाला, ह्याचंही नाही आणि त्यांचंही नाही. इतकं स्वच्छ उत्तर असताना दोन हजार वर्षं झाली तरी लोक प्रश्न विचारायचे थांबत नाहीत. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते. तेवढंच त्यांनी बरं केलं. मग तोंड उघडलं आणि शेवटी देवच त्यांच्यावर संतापला. आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्यांनी ईयोबाच्या पुस्तकातले ते पहिले सात दिवस पाठ करावेत.

हे सगळं मी अक्कांना तेव्हा सुनवायला हवं होतं. मी खोकत होते.

माझी खोटी साक्ष

दोन महिन्यांत खोकला गेला. वजन वाढलं. थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. अजून चार महिने." एस्तर अक्का म्हणाल्या, "प्रार्थना ऐकली गेली! ह्या रविवारी साक्ष द्या."

आमच्याकडे प्रवचनाच्या आधी माईक खाली येतो. देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचं त्यानं सांगायचं. नोकरी लागली, मूल झालं, ऑपरेशन टळलं. सुंदर प्रथा आहे ही, मला फार आवडते. शनिवारी अक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मात्रैचं नाव काढू नका. गोळ्यांचं सांगितलं की अर्धं श्रेय गोळ्यांना जातं. विश्वासानं बरी झाले, एवढंच म्हणा."

मी काय म्हटलं? 'बरं' म्हटलं.

का म्हटलं? तर महिनाभर माझ्या बाकावर घरच्यांशिवाय कोणी बसलं नव्हतं. सहा जणांचा बाक, आणि आम्ही घरचे तिघंच. मला परत माणसांत यायचं होतं. दुसऱ्यांवर इतका राग काढते आहे, तर माझ्या वाट्याचाही काढते: मी भित्री होते.

रविवारी माईक हातात घेऊन मी म्हणाले, "मला मोठा आजार झाला होता. तुमच्या प्रार्थनेनं आणि विश्वासानं प्रभूनं मला पूर्ण बरं केलं." त्याच सकाळी सहाला मी चार गोळ्या गिळल्या होत्या. लोकांनी 'स्तोत्रम्! स्तोत्रम्!' म्हणून टाळ्या वाजवल्या. दोन बायका माझ्या बाकावर येऊन बसल्या. मला केवढं बरं वाटलं.

त्या दिवशी प्रभुभोजन होतं. आमच्याकडे द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागतो. मी रांगेत उभी राहिले, तेवढ्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. कानाशी वाकून म्हणाले, "टीचर, तुम्ही शेवटी या. लोकांच्या मनात शंका नको."

बघा म्हणजे! प्रभूनं मला पूर्ण बरं केलं, हे माईकवर खरं आणि प्याल्यापाशी खोटं. पहिल्या पंधरा दिवसांनंतर मी कोणाला काही लावू शकत नव्हते, आणि ते ज्या गोळ्यांमुळे, त्यांचं नाव घ्यायला मला बंदी. मी रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिले. मग पाहिलं, तर जेबराज पुढची जागा सोडून मागे आला आणि माझ्या पाठीशी उभा राहिला. म्हणजे शेवटची मी नव्हते, तो होता. 'कोणाला सांगायचं नाही' म्हणणारा माझा नवरा. प्याला माझ्यानंतर त्याच्या ओठांना लागला, सगळ्या चर्चच्या देखत.

वसंता

तीन आठवड्यांनी गोळ्या आणायला गेले. तिथल्या नर्सबाई सेल्वी, चटपटीत बाई. माझं कार्ड बघत म्हणाल्या, "टीचर, तुमच्या चर्चची ती वसंता का येत नाही? घरी गेले तर दार लावून म्हणाली, मी बरी झाले. वर म्हणाली, टीचरनीसुद्धा गोळ्या सोडल्यात."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

वसंता ब्लाउज शिवते, करंतैच्या एका गल्लीत राहते. तिलाही टीबी. माझ्यामागून महिन्याभरानं तिच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, गोळ्यांच्या रांगेत आम्ही शेजारी बसायचो. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर असते. तिच्या मुलीला मी गणित शिकवलं आहे.

तशीच तिच्याकडे गेले. ती मशीनवर वाकून शिवत होती आणि खोकत होती. एका हातानं कापड धरून, दुसरा तोंडावर.

"वसंता, गोळ्या का सोडल्यास?"

"तुम्ही सोडल्यात ना टीचर. विश्वासानं बऱ्या झालात. मी त्याच दिवशी घरी येऊन उरलेल्या फेकून दिल्या."

"मी नाही सोडल्या. रोज घेते. आज सकाळीपण घेतल्या."

तिनं मशीन थांबवलं. माझ्याकडे बघितलं. "मग माईकवर?"

"खोटं बोलले."

मला वाटलं, झालं, आता ती पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघेल. ती म्हणाली, "एस्तर अक्का सांगत होत्या. साक्ष दिली की सैतान माणसाला मागे ओढतो. टीचर, तुमचा विश्वास डळमळलाय. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

खोकत खोकत ती माझ्यासाठी प्रार्थना करणार होती! मी ओरडले. तिला मूर्ख म्हटलं. तिची मुलगी आतून बाहेर आली. वसंता शांतपणे म्हणाली, "इथं घरात येऊन काय सांगता टीचर. तिथं सगळ्यांसमोर सांगितलंत तेच मी धरलंय."

चूक तिची नव्हती. वर्गात मी फळ्यावर चुकीचं गणित सोडवलं आणि मग एका मुलीच्या घरी जाऊन सांगितलं की ते चुकलं होतं, तर तिनं कोणतं खरं मानावं? फळ्यावरचंच.

अंजिरं

पंच गृहस्थांकडे गेले. दोन मिनिटं माईक द्या म्हटलं. ते म्हणाले, "दिलेली साक्ष परत घेतात का टीचर? चर्चची शोभा होईल." पाळकांकडे गेले. ते माणूस म्हणून भले आहेत, पण उंटावरून शेळ्या हाकायची सवय. म्हणाले, "कापणीचा सण होऊ द्या, मग बघू." कापणीच्या सणाला पाच आठवडे होते. पाच आठवड्यांत वसंताचं फुप्फुस कोणाची वाट बघणार होतं?

घरी येऊन मराठी शास्त्र काढलं. रागावले की मी मराठीतच वाचते. हिज्कीया राजाची गोष्ट लागली. राजा मरायला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडतो. देव ऐकतो, सांगतो की तुला बरं करीन, आणखी पंधरा वर्षं देईन. दिलं वचन, प्रत्यक्ष देवानं. आणि मग यशया संदेष्टा काय करतो? अंजिरांचा लेप मागवतो आणि राजाच्या गळवावर लावायला सांगतो. देवाचं वचन हातात असताना लेप! त्या राजाच्या दरबारात कोणी एस्तर अक्का नव्हती का म्हणायला, की अंजिरांचं नाव काढू नका, श्रेय वाटलं जाईल?

ही गोष्ट मी पूर्वी दहा वेळा वाचली असेल. अंजिरांवरून डोळे नुसते घसरत गेले होते. आजारी पडल्याशिवाय शास्त्रातली काही अक्षरं दिसत नाहीत की काय कोण जाणे.

जेबराजला सांगितलं, मी रविवारी उभी राहणार. तो म्हणाला, "पाण्याची बाटली मी धरतो."

रविवार

त्या सकाळी मी गोळ्या मुद्दाम घेतल्या नाहीत, उपाशीपोटी चर्चला गेले. माईक खाली आला, एका मुलीनं परीक्षेत पास झाल्याची साक्ष दिली. तिच्या हातून मी माईक घेतला. पंच उठायच्या आत बोलायला लागले.

"मी ह्याच जागेवर खोटी साक्ष दिली. मला टीबी झाला. टीबी. मी रोज सकाळी गोळ्या घेते, अजून तीन महिने घेणार आहे. प्रभूनं मला बरं केलं, ते ह्या गोळ्यांच्या हातून केलं."

माईक बंद झाला. कोणी केला ते मी पाहिलं, इथं लिहीत नाही. पण अठ्ठावीस वर्षं मी साठ-साठ पोरांच्या वर्गात शिकवते आहे, मला माईक लागत नाही. हिज्कीयाची अंजिरं मी शेवटच्या बाकापर्यंत पोचवली. 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा आपण पोरांकडून पाठ करून घेतो, आणि मी माझ्या शेजारणीचा जीव धोक्यात घातला, असंही म्हणाले. पंच "बसा टीचर, बसा" म्हणत होते. मी पाकीट फोडलं. जेबराजनं बाटली दिली. सगळ्यांसमोर एकेक करून चारही गोळ्या गिळल्या.

स्तोत्रम् कोणी म्हटलं नाही. एस्तर अक्का खाली मान घालून बसल्या होत्या. मागच्या बाकावरून वसंता उठली आणि दारातून निघून गेली. मुलगी तिच्यामागे धावली. मला वाटलं, ही गेली हातची.

प्रभुभोजनाच्या वेळी कोणी मला शेवटी जा म्हटलं नाही. मी आपणहून गेलेच नाही. पायरीवर बसून राहिले.

हिशेब जुळत नाही

सोमवारी दुपारी सेल्वीबाईंचा फोन आला. वसंता आली होती. पुन्हा तपासणी, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. तिच्या फुप्फुसावरचा डाग वाढला होता. जो महिना तिनं मळमळत, उपाशीपोटी काढला होता, तो मातीत गेला. माझ्या एका मिनिटाच्या साक्षीनं.

मी आता पूर्ण बरी आहे. कार्डावर तसा शिक्का आहे. चर्चमध्ये मला कोणी काढलं नाही, कोणी जवळही केलं नाही. माझ्या बाकावर आम्ही तिघंच असतो. एस्तर अक्का एकदा दारापर्यंत आल्या आणि केळ्यांचा घड ठेवून गेल्या. त्यांना माफ करायचं मी मनावर घेतलं आहे, अजून जमलेलं नाही. प्रभूनं सांगितलं तसं सत्तर वेळा सात माफ करायचं आहे, मी पहिल्यातच अडकले आहे. स्वतःला माफ करणं तर त्याहून लांब.

वसंतानं पुन्हा गोळ्या सुरू केल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी सहाला, तिचा फोन आला.

"टीचर, माझा तुमच्यावर फार राग आहे."

"असू दे."

"मळमळतं. रोज ह्या गिळताना मी तुम्हाला शिव्या घालणार आहे."

"घाल. आधी गिळ."

तिकडे पेला वाजला. मी कान लावून ऐकत राहिले. एक घोट, दुसरा, मग तिसरा. वजन कमी म्हणून तिला तीनच आहेत. मग वसंतानं मला तमिळमध्ये एक सणसणीत शिवी दिली, चर्चमधल्या बाईला येऊ नये अशी, आणि फोन ठेवला.

त्याला आता पाच महिने झाले. रोज सहाला फोन येतो, एकही दिवस चुकलेला नाही.